निगडवण्याचं मुकं तळं

निगडवण्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या या कातळाच्या माळावर, चढायच्या आधी पाहुण्यांना इथेच थांबवतात, या आंब्याच्या सावलीत. काय विचारायचं ते इथे विचारून घ्या, वर गेल्यावर कुणी बोलणार नाही. वर तळं आहे. जांभा दगड कापून केलेलं, चौकोनी, भिंती सरळसोट, जशी काही घरातली खोली उचलून जमिनीत पुरली आहे. पायऱ्या मात्र अगदी बुटक्या. बायका पाणी भरतात, गडी गुरांना पाजतात, पण हंड्या-कळशीचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. म्हणून याला मुकं तळं म्हणतात. हे देवाने केलेलं नाही, पांडवांनी एका रात्रीत केलेलंही नाही. एका लंगड्या जर्मन सुताराने केलं, असं सांगतात. आणि त्यानेही ते तळं म्हणून केलं नव्हतं.

फार मागची गोष्ट. जर्मन लोकांच्या मुलखात राजाने हुकूम काढला म्हणे, की प्रार्थना मी सांगेन तशीच करायची. काही गावांनी ऐकलं नाही. शिपाई आले, त्यांच्या देवळांना कुलपं लागली, आणि शेवटी ती माणसं घरदार मोडून जहाजात बसली. दूर ऑस्ट्रेलियात जायचं, रान तोडायचं, गाव वसवायचं, आपल्या रीतीने देवाचं नाव घ्यायचं, एवढाच त्यांचा बेत. पण वादळाने ते जहाज भलतीकडे ओढत आणून आमच्या खाडीच्या तोंडाशी टाकलं. डोलकाठी मोडली ती गोतलीब नावाच्या सुताराच्या पायावर. पुढे जहाज दुरुस्त झालं, पाय काही झाला नाही. तेव्हा त्यांच्याच पुढाऱ्यांनी ठरवलं की नव्या मुलखात धडधाकट माणसं लागतात, लंगड्याला नेऊन बसवून कोण खायला घालणार. गोतलीब आणि त्याची बायको दोरोथेआ किनाऱ्यावर राहिली आणि जहाज गेलं.

दोरोथेआ हे नाव गावाच्या तोंडात बसेना. लोक तिला दोरूबाय म्हणू लागले. उंच, हाडकुळी, उन्हाने लाल झालेली बाई. आपल्याच माणसांनी टाकलं म्हणून ती रडली असेल, पण कुणी पाहिलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, जमिनीचा असा तुकडा जिथून कुणी ऊठ म्हणणार नाही. तेवढ्यासाठी तर ती घरातून निघाली होती.

तेव्हा गावचे खोत होते आबाजी. गोतलीबने बसल्या बसल्या त्यांच्या ओटीसाठी सागवानी झोपाळा केला. वेलबुट्टी अशी, की लोक लांबून बघायला आले. झोपाळा टांगला त्या दिवशी ओटीवर सगळं गाव जमलं होतं. खोत खूश झाले. बसून एक झोका घेतला आणि म्हणाले, "गोतलीब, तो वरचा सडा तुला दिला. तू आणि तुझी पोरंबाळं राहा. तिथून तुम्हाला कुणी उठवणार नाही."

शेवटचं वाक्य दोरूबायने शेजारच्या येसूकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. येसूने हातवारे करकरून समजावलं. समजल्यावर दोरूबाय तिथेच ओटीखाली मांडी घालून बसली म्हणे.

देताना खोतांचं काय जात होतं? नुसता कातळ. गवताशिवाय काही उगवत नसे. पण ती दोघं वर गेली, झोपडी बांधली, आणि गोतलीबने पहिलं काम धरलं ते तळघर खणायचं. त्यांच्या मुलखात बर्फ पडतं. बटाटे, कोबी, कंद सगळं जमिनीखाली ठेवावं लागतं. ज्याने तळघर केलं नाही त्याला पुढचा वसंत दिसत नाही, असं ती माणसं आईच्या दुधाबरोबर शिकलेली. त्याला उभं राहता येत नव्हतं. बसून पहार मारायचा, बसूनच खाली सरकायचा. पायऱ्या बुटक्या आहेत त्या म्हणून.

गाव हसलं. कुणी म्हणे धन शोधतोय, कुणी म्हणे घूस आहे मागच्या जन्माची. येसू दूध द्यायला वर जाई. एकदा तिने वाकून बघितलं.

"एवढं खोल कशाला गो दोरूबाय? कुणाला पुरायचंय?"

दोरूबायने अंग चोरून कुडकुडून दाखवलं. येसूला हसू आवरेना. म्हणाली, "थंडी होय? अगो, इथं पौषात पण नवरा उघडाच निजतो."

दोरूबायला ते निम्मंच कळलं, पण तीही हसली. त्या दोघींचं हसणं खाली वाडीपर्यंत ऐकू यायचं, असं सांगतात.

तळघरात ओल शिरू नये म्हणून गोतलीबने आतून चिकणमातीचा जाड लेप दिला. चोपून चोपून गुळगुळीत केला. जहाजावरून उतरवून घेतलेले बेण्याचे बटाटे आत नीट रचले. मग आपला पावसाळा आला. त्याला काय माहीत आपला पाऊस? वरचं गवती छप्पर उडालं आणि पाणी आत कोसळलं. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून दिलेला तो लेप, त्याने आत आलेलं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही. बटाटे वर तरंगले. गोतलीब पायरीवर बसून बादलीने उपसत राहिला, आणि शेवटी दोरूबायने त्याच्या हातातून बादली काढून घेतली.

पण वैशाख आला आणि खालच्या विहिरी आटल्या. तळघर काठोकाठ नसलं तरी भरलेलं होतं. पहिली येसू आली हंडा घेऊन. मग सगळी वाडी, मग गाव. दोरूबाय दारात बसून सगळ्यांना "घे, घे" म्हणायची. पाणी द्यायला मिळतंय म्हणजे आपण इथले झालो, असं तिला वाटत असावं.

पुढच्या उन्हाळ्यात खोत स्वतः सड्यावर आले. बायका पाणी भरत होत्या, गडीही होते. खोत म्हणाले की जहाज येईपर्यंत टेकायला जागा दिली होती, कायमची नव्हे. पाणी असलेली जमीन कुणी परक्याला देतं का? गोतलीबने झोपाळ्याच्या दिवसाची आठवण करून दिली, मोडक्या बोलीत, पण सगळ्यांना कळेल अशी.

खोतांनी लोकांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी कायमचं दिलं, असं कुणी ऐकलंय? ऐकलं असेल त्याने बोलावं. इथलं पाणी उद्यापासून माझ्या परवानगीने मिळेल, तेही ध्यानात धरून बोलावं."

सगळ्यांनी ऐकलेलं होतं. कुणी बोललं नाही.

दोरूबायने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या गावात शिपायांनी देवळाला कुलूप घातलं तेव्हा शेजारीपाजारी असेच उभे होते, जमिनीकडे बघत. एवढा समुद्र ओलांडून ती पुन्हा तेच बघत होती. मग ती येसूपुढे जाऊन उभी राहिली.

"येसूबाय, तू होतीस ना?"

येसूच्या डोक्यावर भरलेला हंडा होता. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मान हलवली असती तर पाणी सांडलं असतं, असं ती म्हातारपणी सांगायची, आणि ऐकणारेही मान डोलवायचे.

त्याच दिवशी दोघं खाली उतरली. गोतलीब बसून सरकत, दोरूबाय बोचकं घेऊन त्याच्या पुढे. खाडीतून एका होडीने गेली. कुठे गेली ते कुणी विचारलं नाही, म्हणून कुणाला माहीत नाही.

काही लोक सांगतात, जाताना तिने शाप दिला आणि गावाची वाचा गेली. आमचे जुने लोक हे मानत नसत. ते म्हणत, शाप देण्याइतकी आपली बोली तिला येतच कुठे होती. झालं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी बायका पाण्याला गेल्या. झोपडीचं दार उघडंच होतं. कुणीतरी रोजच्यासारखं काही बोलायला तोंड उघडलं, आणि जे काल बोलायचं होतं ते सोडून दुसरं काय बोलावं हे तिला सुचेना. ती गप्प राहिली, बाकीच्याही. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग ती रीतच पडली. सुनांना सासवांनी शिकवली, पण कारण सांगितलं नाही.

आजही सड्यावर कुणी बोलत नाही. शहरातून पाहुणे येतात, इथे काही न विचारता वर जातात, आपण होऊन चपला काढतात, काठावर डोळे मिटून बसतात. निघताना कानात हळूच विचारतात, केवढी शांतता, केवढी श्रद्धा, हे कुठल्या देवाचं तळं? गावकरी हंडा भरतो, खाली मान घालतो आणि काही न बोलता उतरणीला लागतो.