सरपंचांचा फराळ

खडकेवाडीचे सरपंच दौलतराव यांनी दवंडी पिटवली, "दर शनिवारी गावाला मोबाईलचा उपवास! गेम बंद, रील बंद!"

गावानं निमूट मारुतीपुढच्या टोपलीत फोन ठेवले. पोरं विटीदांडू खेळायला पळाली. दौलतराव मात्र पारावर बसून स्क्रीनवरचे रंगीत फुगे फोडत होते.

शेवंताकाकूंनी विचारलं, "सरपंच, तुमचा उपवास?"

फोन छातीशी धरत दौलतराव गुरगुरले, "उपवासाला साबुदाणा चालतो ना? तसं सरकारी कामही चालतं."

"चालतं की! पण फराळाचा नैवेद्य आधी देवाला दाखवतात. दाखवा ते सरकारी काम मारुतीला. आम्हीपण बघतो."

बघता बघता सारा गाव पाराभोवती गोळा झाला. दौलतरावांनी घाईघाईनं फोन बंद करून टोपलीत टाकला.

"राहू दे," ते म्हणाले, "आज माझा निर्जळी उपवास!"