बादशहाची बरणी आणि लिंबाचे लोणचे

विषय : सरदार उदाजीराव इंगवले यांच्या मालकीच्या पुरातन, पांढऱ्याशुभ्र चिनी बरणीत लिंबाचे लोणचे आढळल्याबाबत.

दिवाणखान्याला रंग देताना धक्का लागू नये म्हणून सरदारांनी ही बरणी शेजारच्या सगुणाकाकूंकडे ठेवायला दिली होती. काकूंनी ती परत केली, तेव्हा आत गळ्यापर्यंत लोणचे होते. सरदार भडकले. काकूंना संस्थानातून हद्दपार करावे, असा अर्ज त्यांनी दिवाणसाहेबांकडे केला.

या वयात बिऱ्हाड हलवायचे तरी कुठे, या काळजीने काकू सुनावणीला हात जोडून उभ्या राहिल्या. सरदारांनी लोणच्यासकट बरणी पुरावा म्हणून दिवाणसाहेबांकडे जमा केली आणि मिशीला पीळ देत तिचा इतिहास सांगितला.

"चीनच्या बादशहाने ही डच व्यापाऱ्याला दिली, व्यापाऱ्याने नबाबाला, आणि नबाबाने आमच्या पणजोबांना!"

"आणि देताना आत काय घालून दिली हो?" काकूंनी विचारले.

"काय म्हणजे? रिकामीच!"

"अगं बाई! एवढी थोर माणसं, आणि एकाच्याही घरात सांगायला वडीलधारी बाई नव्हती? भांडं कुणाकडे रिकामं धाडू नये, हे आमच्या आळीत पोरीबाळींनाही कळतं. दिवाणसाहेब, या बरणीला रीतभात लागली ती माझ्या घरी. त्याची शिक्षा असेल तर द्या."

दिवाणसाहेबांनी उपरण्यात तोंड लपवून हसून घेतले आणि हद्दपारीचा अर्ज फेटाळला.

निदान लोणचे काढून बरणी परत मिळावी, असा दुसरा अर्ज सरदारांनी लगेच दिला. त्यावर, आतील मालाची आधी पाहणी व्हावी, असा शेरा पडला. दिवाणसाहेब रोज जेवताना स्वतः पाहणी करीत आहेत. अर्ज प्रलंबित आहे.