समेवर कोण?

“मग काय, गप्प बसू मी?”

ऋजुता अक्कांशी असं कधी बोलली नव्हती. मिरजेत त्यांच्याकडे दहा वर्षं गाणं शिकली, मग मुंबईला जाऊन पॉप गाणी गायली. आता एवढी मोठी झालीय की गुरूच्या घरीही तोंड बांधून यावं लागतं.

चार दिवसांपूर्वी तिचे वडील गेले. स्मशानातला तिचा फोटो एका पेपराने पहिल्या पानावर छापला. त्या मेल्या पेपराचं नाव मी घेणार नाही. वर मथळा : बाप चितेवर, लेकीचे डोळे कोरडे!

“गाण्यातूनच उत्तर दिलंय, अक्का. शुक्रवारी बाहेर येईल. आशीर्वाद द्या.”

“म्हण.” अक्कांनी मला तबला ओढायची खूण केली.

गाणं जोरदार होतं, खोटं कशाला बोलू? एकेक शब्द थोबाडीत बसावा असा. माझाही हात जरा जास्तच जोरात पडत होता.

संपलं. अक्कांनी एवढंच विचारलं :

“समेवर कोण येतंय गं?”

मी चपापलो. ताल फिरून जिथे टेकतो, ऐकणाऱ्याची मान जिथे आपोआप हलते, त्या मात्रेवर दर वेळी त्या पेपराचंच नाव येत होतं. चाळीस वर्षं ठेका धरतोय, आणि माझ्या लक्षात येऊ नये!

“येऊ दे की! झोंबायलाच हवं त्यांना.”

“शब्द काढून टाक. तालमीत म्हणायचीस तसं, नुसत्या ‘आ’कारात म्हण.”

“मग त्यात उरलं काय?”

“म्हण तर.”

पहिल्या दोन ओळी ताठ गेल्या. तिसरीत, पंचमावरून खाली येताना, आवाज फाटला. तिने परत घेतला. परत फाटला...

मग चार दिवस अडलेलं सगळं रडू आलं. मी तबल्यावरून हात उचलला, तर अक्कांनी डोळे वटारले : ठेका सोडू नको. पोरगी रडत होती, गात होती, मध्येच बेसूर होत होती. मलाही हुंदका आवरेना, लाज कसली त्यात?

बऱ्याच वेळाने थांबली. पदराने नाक पुसलं.

“अक्का... शुक्रवारी मग काय देऊ?”

“हेच दे, बिनशब्दांचं. बघू, कसं छापतात.”