चढावरचं लॉज

ला पाझ शहर इतक्या उंचावर आहे, की तिथं नवख्या माणसाला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. एवारिस्तोचं लॉज तर उभ्या चढाच्या टोकाला. धापा टाकत आलेल्या पाहुण्याला तो लगेच दुप्पट भाडं सांगायचा. घासाघीस करायला दम कुणाला असणार? नुसती मान हलवलेली तो नकार धरत नसे. "मौन म्हणजे संमती," म्हणत किल्ली पुढे सरकवायचा.

शिकायला आलेल्या लातूरच्या ऊर्मिला बोंगाळेच्या हे कानावर आलं होतं. दुप्पट भाड्याची तिची ऐपत नव्हती आणि माघारी फिरायची तयारीही नव्हती. वर पोचल्यावर तिनं चढाच्या पायथ्याशी मुद्दाम ठेवलेल्या बॅगांकडे नुसतं बोट दाखवलं.

गिऱ्हाईक पक्कं झालं असं समजून एवारिस्तो स्वतःच खाली धावला. बॅगा घेऊन वर आला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. ऊर्मिला त्याच्याच खुर्चीत निवांत बसली होती.

"भाडं निम्मं देईन," ती म्हणाली. "कबूल नसेल तर नाही म्हणा."

एवारिस्तोनं तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. मग तो जोरजोरात मान हलवू लागला.

ऊर्मिलेनं किल्ली उचलली. "मान हलवलेली इथं धरत नाहीत, असं ऐकलंय."