गाडी, विमान आणि जावळाची रजा

"आगगाडी!" आईसाहेब म्हणाल्या.

"विमान!" राणीसाहेब म्हणाल्या.

आणि केतकीगडच्या रणधवल महाराजांनी मुकुटासकट डोकं दोन्ही हातांत धरलं.

सुट्टीत समुद्रकाठच्या रत्नपूरला जायचं, हे ठरलं होतं. कसं जायचं, एवढंच ठरत नव्हतं. महाराजांनी आईसाहेबांना गाडीचा शब्द दिला होता आणि राणीसाहेबांना विमानाचा. दोन्ही शब्द वेगवेगळ्या खोल्यांत दिले होते, त्यामुळे देताना काहीच अडचण आली नव्हती!

शेवटी भर दरबारात महाराज कडाडले, "या दोघींच्या तोंडून, दोघींच्या खुशीनं, जो कोणी एकाच वाहनाचं नाव काढून दाखवेल, त्याला मागेल ते बक्षीस! मी स्वतः यात एक अक्षर बोलणार नाही. आणि हे ठरेपर्यंत राजवाड्यात कोणालाही रजा नाही!"

ते शेवटचं वाक्य ऐकून खांबाआड उभ्या असलेल्या अनसानं कपाळावर हात मारला.

राजवाड्याच्या ट्रंका भरायचं काम अनसाचं. विमान ठरलं की लोणच्याची बरणी बाहेर काढायची, गाडी ठरली की परत आत ठेवायची. त्या बरणीचा तिनं धसकाच घेतला होता. पण खरी काळजी कडेवर होती. तिच्या सोनबाचं जावळ राहिलं होतं. वर्षाच्या आत मामाच्या मांडीवर बसवून बाळाचे पहिले केस काढायचे, तर मामा माहेरी वाट बघतोय, वाढदिवस तोंडावर आलाय, आणि रजा अडकलीय या दोघींच्या वादात!

प्रधानजी पुढं झाले. "सोपं आहे! जाताना गाडी, येताना विमान!"

"येताना कसली हौस, प्रधानजी?" राणीसाहेब म्हणाल्या. "येताना डोक्यात नुसती धुण्याची बोचकी असतात!"

सेनापती उठले. "मग आईसाहेब गाडीनं, राणीसाहेब विमानानं!"

"म्हणजे मला एकटीला गाडीत बसवून देणार?" आईसाहेब कडाडल्या.

"आणि महाराज कुठं बसणार?" राणीसाहेबांनी विचारलं.

सेनापती खाली बसले.

अनसाला एक युक्ती सुचली होती. पण ती मुळातच काळजीखोर. कडी लावली की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून मागं फिरणारी! बोलावं का? चुकलं तर? आणि नाहीच बोललं तर? तेवढ्यात केसांच्या बटा डोळ्यांत गेल्या म्हणून सोनबानं असं भोकाड पसरलं की अख्खा दरबार तिच्याकडं वळला.

"बोल, अनसे," महाराज म्हणाले. "पोर बोललं, आता तू बोल."

"सरकार, मला मेलीला काय कळतंय! पण ट्रंका मलाच भरायच्या, म्हणून एक शंका होती." तिनं सोनबाला थोपटलं. "आमच्या गल्लीत असं मानतात, की ज्या सासूसुनांचं वाटेत पटतं त्या गाडीनं जातात. गप्पा मारत, एका डब्यातलं खात. आणि ज्यांचं पटत नाही त्या विमानानं. शेजारी बसल्या न बसल्या तोच उतरायचं, भांडायला वेळच नको!"

दरबारात कोणीतरी खोकलं.

"आता आपली स्वारी निघेल, तेव्हा वेशीपाशी बायका बघायला उभ्या असणारच. डावीकडं वळलात तर स्टेशन, उजवीकडं वळलात तर विमानतळ. मला कोणी काही विचारलं तर काय सांगू, तेवढं पढवून ठेवा म्हणजे झालं."

राणीसाहेबांनी मांडीवरचं विमानाचं रंगीत चित्र हळूच पदराखाली सरकवलं.

"विमान कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "मी? अगंबाई! मी तर आईसाहेबांची गंमत करत होते! गाडीच! मला खिडकी मिळाली म्हणजे झालं."

"खिडकी तुझीच गं, सूनबाई!" आईसाहेब लगबगीनं म्हणाल्या. "गाडीच! मी काय, खालच्या बाकावर आडवी होईन. आणि लोणच्याची मोठी बरणी घ्या रे, हिला फार आवडतं!"

राणीसाहेबांचा चेहरा लोणचं न खाताच आंबट झाला, पण मान हलली.

मिशीत हसू दाबत महाराजांनी अनसाला जवळ बोलावलं. "खरं सांग, तुमच्या गल्लीत असं मानतात?"

"आज सकाळपर्यंत तरी नव्हते मानत, सरकार. आता मानतील!"

"आणि मला विमान हवं असतं तर?"

"तर गल्ली उलटं मानायला लागली असती!"

"माग, काय हवं ते माग!"

"जावळाची रजा, सरकार. आणि माहेरची तिकिटं. जाताना गाडीचं, येताना विमानाचं."

"हे तर माझंच!" प्रधानजींनी पगडी सावरली.

"जाताना गाडी कशाला गं?" महाराजांनी विचारलं.

"प्रत्येक स्टेशनावर माहेर थोडं जवळ येतं, सरकार. ते सुख कोण सोडणार?"

"आणि येताना विमान?"

"विमानाला मधलं स्टेशन नसतं ना! नाहीतर मी कुठंतरी उतरून परत माहेरी पळायची!"

महाराज असे खदखदून हसले की मुकुट घसरून मांडीवर आला. सोनबाही रडायचा थांबून टकामका बघू लागला. महाराजांनी दोन्ही तिकिटं दिली, वर सोनबाला सोन्याच्या बाळ्या आणि मामाला जरीचा फेटा. आईसाहेबांनी अनसाला लुगडं दिलं.

आणि अनसा निघाली, तेव्हा राणीसाहेबांनी तिला हळूच खुणावलं.

"जाताना गाडीनंच चाललीस ना? मग ती मोठी बरणी तूच घेऊन जा!"