फाटकावरची मनाई

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध तंत्रज्ञ होते. सारे त्यांना नाना म्हणत. तिथल्या व्यापारी पेढ्यांची ईमेल पोहोचवणारा मेल सर्व्हर त्यांची शिष्या रेवती सांभाळत असे. पोरगी हुशार, पण भारी उतावळी.

एके दिवशी बेदाण्याचे व्यापारी चौगुले धापा टाकत आले. "ताई, परदेशी गिऱ्हाइकाला चार वाजेपर्यंत भाव कळवला नाही, तर वर्षभराचा माल माझ्या गळ्यात पडेल हो!"

रेवतीने पाहिले. पेढ्यांची आपापसातली पत्रे सुखरूप पोहोचत होती. बाहेरची मात्र सारी अडकलेली. तिने मेल सर्व्हर तीनदा बंद-चालू केला, सेटिंगा उलटसुलट केल्या. दोन वाजले तरी पत्र जागचे हलेना. चौगुल्यांपुढे तिला मान वर करवेना.

नाना उठले, बाजाराच्या आवाराच्या फाटकावरचे राखणदार सदूभाऊ यांच्याशी काही बोलून परत आले. मग चौगुल्यांनी आणलेला बेदाण्याचा डबा त्यांनी तिच्या हाती ठेवला. "हा आवाराबाहेर राहणाऱ्या नसीमभाभींच्या घरी देऊन ये. पत्ता फक्त सदूभाऊंना विचार."

"आत्ता? नाना, इथे जीव चाललाय!" पण गुरूंचा शब्द. ती पाय आपटत गेली.

सदूभाऊ म्हणाले, "आवारातलं कुठलंही दार विचारा, सांगतो. बाहेरचं नाही."

"अहो, ठाऊक नसलं तर समोरच्या चहावाल्याला विचारून सांगता ना नेहमी!"

"सांगायचो. आता मनाई आहे. भलतीच माणसं दिवसभर पत्ते विचारून डोकं खात होती."

रेवतीने परत येऊन डबा टेबलावर आदळला.

"डबा फुटका होता?" नानांनी विचारले.

"नाही."

"पाय दुखले?"

"नाही हो! पत्ताच..." आणि तिने वळून मेल सर्व्हरकडे पाहिले.

"नावावरून पत्ता सांगणं हे नेमसर्व्हरचं काम," नाना सौम्यपणे म्हणाले. "स्वतःला ठाऊक नसेल, तर चार ठिकाणी विचारून तो आणून देतो. परके त्याला फुकट राबवत होते, म्हणून काल संध्याकाळी तू ती विचारपूसच बंद केलीस. परक्यांना अडवलंस ते योग्यच. पण आपला मेल सर्व्हरही बाहेरचे पत्ते त्यालाच विचारतो, त्याचं काय? आग रामेश्वरी आणि बंब नेलास सोमेश्वरी! दार लावताना आपलं कोण बाहेर राहिलं, तेवढं पाहावं, पोरी."

रेवतीने नेमसर्व्हरला नवी आज्ञा दिली: बाहेरच्यांना मनाई, घरच्यांना मोकळीक. अडकलेली पत्रे भराभर सुटली. साडेतीनला परदेशातून उत्तर आले, भाव कळला म्हणून. चौगुल्यांनी दोन्ही हात जोडले आणि एकदम खुर्चीत बसले. रेवतीला हसू आणि रडू एकदमच आले.

मग तिने डबा उचलला आणि पुन्हा फाटक गाठले.

"सदूभाऊ, मी आवारातलीच आहे हो!"

सदूभाऊंनी तिच्यामागून आलेल्या नानांकडे पाहिले. नानांनी मान हलवली. सदूभाऊ हसत पत्ता विचारायला चहावाल्याकडे निघाले.