येते

"मग ऐंशीची दिसू तरी कशी?" शाल्मलीने विचारलं आणि हातातली काठी आपटली.

नाटक बसवणाऱ्या यमुताई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काठी नको," एवढंच म्हणाल्या.

सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. नाटक गोदा नावाच्या साध्या बाईचं, आठव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत, आणि सगळ्या वयांची गोदा एकटी शाल्मली. घरात बक्षिसांनी कपाट भरलेलं, त्यामुळे पोरगी नाकावर माशी बसू देत नव्हती.

गोदा तीनदा घराबाहेर पडते. खेळायला, मग सासरी, आणि शेवटी म्हातारपणी लेकाच्या गावी कायमची. तिन्ही वेळा तोंडी एकच शब्द, "येते."

पहिले दोन छान जमले होते. तिसऱ्याला शाल्मली वाकली, खोकली, हात थरथरवला, आवाज चिरका केला. यमुताई म्हणाल्या, म्हातारी झकास झाली, पण गोदा कुठे गेली?

असं अकरा वेळा झालं. प्रयोग चार दिवसांवर आला होता. यमुताईंचा या पोरीवर फार जीव होता, पण तिला तो कधी कळू दिला नव्हता.

शाल्मलीचे डोळे भरून आले. तिने पिशवी खांद्याला अडकवली.

"दुसरी कुणी बघा. मी जाते."

यमुताईंचा हात शेंगेवरच थांबला.

"जाते म्हणू नये गं..."

लहानपणी या शब्दावरून आईने शाल्मलीला कितीदा उंबऱ्यातून परत फिरवलं होतं. आता ती हॉलच्या दारात पोचली होती. रागातच, मागे न बघता, सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं,

"येते."

...

शाल्मली तिथेच उभी राहिली. आपलाच आवाज तिने ऐकला होता.

"हे कितव्या वर्षीचं?" यमुताईंनी हळूच विचारलं.

आठव्या म्हणावं तर आवाज जड होता, आणि ऐंशीव्या म्हणावं तर पाठ ताठ होती.

"ताई, मी..."

यमुताईंनी शेंगांचं ताट थोडं पुढे सरकवलं आणि शेजारची सतरंजी हाताने झटकली.

"येते म्हणालीस ना? मग ये."